पडद्यांचा कानमंत्र: आधी ऊन, मग नजर, शेवटी रंग

नव्या घराची किल्ली हातात आली की पहिल्याच आठवड्यात पडदेवाला न बोलावता दारात येतो. कापडाच्या तुकड्यांचं जाडजूड पुस्तक मांडीवर ठेवतो आणि पहिला प्रश्न विचारतो, “ताई, रंग कुठला?” तिथेच गाडं चुकतं. पडद्याच्या बाबतीत रंग हा शेवटचा प्रश्न. माझ्या आईला तिच्या आत्याने सांगितलेला आणि आईने मला दिलेला क्रम असा: आधी ऊन, मग नजर, मग वारा, मग धुणं आणि सगळ्यात शेवटी रंग. आता तुझं पुण्यातलं घर लागतंय, तर मावशीच्या नात्याने तोच क्रम तुझ्या कानात घालते. पटेल तेवढं घे.

दुकानाआधी खिडक्या बघ

सुट्टीचा एक दिवस काढ आणि रिकाम्या घरात थांब. सोबत खडू ने. सकाळी आठ, दुपारी एक, साडेतीन आणि साडेपाच अशा वेळी प्रत्येक खिडकीतलं ऊन फरशीवर कुठवर आलंय तिथे रेघ मार आणि शेजारी वेळ लिही. कुठे जाड पडदा लागणार आणि कुठे पैसे वाचणार, ते संध्याकाळपर्यंत आपोआप कळतं.

पूर्वेचं ऊन कोवळं असतं, ते घरात यायलाच हवं. पश्चिमेचं ऊन दुपारी येतं ते सूर्य मावळेपर्यंत हटत नाही. त्यातून ते तिरपं. छज्जा डोक्यावरचं ऊन अडवतो, पण तिरपं ऊन त्याच्या खालून थेट पलंगापर्यंत पोचतं. मार्च ते मे आपल्याकडची घरं तापतात ती मुख्यतः या खिडकीपायी. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यातली. डिसेंबरात पुण्याला भर दुपारीही सूर्य 48 अंशांच्या आसपासच वर येतो, म्हणून ऊन खोलीत लांबवर शिरतं, आणि त्या दिवसांत ते हवंहवंसंही वाटतं. उन्हाळ्यात तोच सूर्य डोक्यावर गेला की छज्जा त्याला परस्पर थोपवतो. उत्तरेला ऊन येतच नाही, असं सगळे सांगतात; ते अर्धंच खरं आहे. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो आणि दुसरा येतो जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे कललेला असतो. पण त्यातला बराचसा काळ पावसाळी ढगांचा, त्यामुळे उत्तरेला पातळ सुती पडदा पुरतो. तिथे महागाच्या जाड कापडाचा आग्रह कोणी धरला तर सरळ नाही म्हण.

ऊन काचेतून आत आलं म्हणजे उष्णता घरात आलीच. आतला पडदा त्यातली थोडीफार परत बाहेर टाकतो, तीही त्याची काचेकडची बाजू पांढरी किंवा फिकी असेल तर. गडद रंगाचं बिनअस्तराचं कापड ऊन पिऊन स्वतः तापतं आणि ती ऊब खोलीत सोडतं. म्हणून पश्चिमेच्या पडद्याला पांढरं अस्तर लावून घ्यायचं, आणि तो ऊन यायच्या आधी ओढायचा. खोली तापल्यावर पडदा ओढणं म्हणजे वरातीमागून घोडं. त्याहून चांगला उपाय काचेच्या बाहेरचा. तुझ्या हॉलच्या बाल्कनीत बांबूची चिक सोड. ऊन काचेपर्यंत पोचलंच नाही तर आतल्या पडद्याचं निम्मं काम झालं.

दिवसाची नजर वेगळी, रात्रीची वेगळी

नेटचा पातळ पडदा दिवसा फार गुणी असतो. आपल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्यांना आतलं दिसत नाही, कारण उजेड बाहेर जास्त असतो. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की गणित उलटतं. आता उजेड आत, म्हणून समोरच्या इमारतीतल्यांना तुझा हॉल सिनेमाच्या पडद्यासारखा दिसतो. घरात एकदा पारख कर. रात्री सगळे दिवे लाव, नेटचे पडदे ओढ आणि जावईबापूंना समोरच्या फुटपाथवर उभं राहून बघायला सांग. ज्या खिडकीतून त्यांना माणूस ओळखू येतो, तिथे दुहेरी रॉड लागणार: काचेकडे नेट, खोलीकडे जाड. बाकीच्या खिडक्यांवर तो खर्च कशाला?

पुण्या-मुंबईच्या इमारती एकमेकींच्या इतक्या जवळ आल्यात की नजरेचा विचार आता चौथ्या-पाचव्या मजल्यावरही करावा लागतो. समोर मोकळं मैदान किंवा टेकडी असेल तर मात्र उगीच सगळं झाकून बसू नकोस. पैसे मोजून घेतलेला देखावा आहे तो.

हॉल

हॉलचे पडदे लोक पाहुण्यांसाठी घेतात आणि रोज वापरतात घरचे. म्हणून हॉलला उघडायला-मिटायला हलका पडदा हवा. दिवसातून चार वेळा हात लागतो, लहान मुलं त्यात लपतात, जेवल्यावरचे हात कोणीतरी पुसतंच. भरड सुती किंवा सूत आणि पॉलिस्टर मिसळलेलं कापड इथे चांगलं. मखमलीच्या वाटेला जाऊ नकोस. ती धूळ धरून ठेवते, आणि रस्त्याच्या बाजूच्या घरात धुळीला काय तोटा!

टीव्हीच्या समोरच्या भिंतीत खिडकी असेल तर तिचा पडदा अस्तराचा घे, नाहीतर दुपारची मॅच बघताना टीव्हीवर खिडकीच दिसते. घरून काम करायचं टेबल खिडकीला काटकोनात मांड, म्हणजे उजेड बाजूने येतो आणि दिवसभर पडदा ओढून दिवा लावून बसायची वेळ येत नाही.

बाल्कनीच्या सरकत्या दाराला पडदा जमिनीपर्यंत घ्यावा, पण जमिनीवर लोळणारा नको. चित्रात तो छान दिसतो, घरात त्याची खालची कड पंधरवड्यात काळी होते आणि पायात येते ती वेगळीच. फरशीपासून अर्धा ते एक इंच वर ठेव, झाडूही खालून सहज फिरतो.

बेडरूम

पूर्वेची बेडरूम असेल आणि पहाटे उठायची सवय असेल तर साधा सुती पडदा पुरे. उजाडताना जाग येणं चांगलंच. पण तुमच्या दोघांपैकी एकाला रात्रपाळी आहे, दिवसा झोपावं लागतं. तिथे ब्लॅकआउट कापडाचा पडदा घे. ते घेताना एक नमुना हातात धर आणि मोबाइलचा टॉर्च मागून लाव. उजेडाचा ठिपका दिसला तर ते कापड नावालाच ब्लॅकआउट आहे. कापडापेक्षा जास्त उजेड बाजूच्या फटींतून येतो, हेही ध्यानात ठेव. पडदा खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच रुंद असला पाहिजे आणि त्याची कड भिंतीला लागली पाहिजे.

पण झोप झाल्यावरही ब्लॅकआउट पडदा ओढलेलाच ठेवू नकोस. डेंग्यूचा डास घरातल्या काळोख्या, शांत जागांत बसतो. पडद्याच्या चुण्या त्याला फार आवडतात. रोज उठल्यावर पडदे झटकून पूर्ण उघडायचे. मच्छरजाळी हे वेगळं काम आहे, ते पडद्याकडून होणार नाही.

स्वयंपाकघर

गॅसजवळच्या खिडकीला पडदा नकोच. काच स्वच्छ ठेव, फार तर खालच्या अर्ध्या भागाला पांढुरका कागद चिकटवून घे. फोडणीचं तेल कापडात मुरतं आणि चिकट कापडावर धूळ बसली की धुऊनही जात नाही. त्याहून मोठी गोष्ट आगीची. सुती कापड पेट घेतं, आणि पॉलिस्टर जळताना वितळून अंगाला चिकटतं. वाऱ्याने उडालेला पडदा शेगडीपर्यंत यायला क्षण लागत नाही. देवघराचंही तसंच. देवघराला पडदा हवाच असेल तर तो बाजूला बांधून ठेवायचा आणि समई-निरांजन त्याच्यापासून हातभर लांब.

ओट्यापासून दूर, जेवणाच्या टेबलापाशी खिडकी असेल तर तिथे अर्धा पडदा छान दिसतो. खिडकीच्या मध्यावर बारीक रॉड, त्याखाली आखूड सुती कापड. बसलेल्या माणसावर कोणाची नजर पडत नाही, वरून उजेड भरपूर येतो. त्याचे दोन जोड शिवून ठेव. एक धुवायला टाकला की दुसरा चढतो.

लहानांची आणि थोरांची खोली

मुलांच्या खोलीत गुंडाळी पडदे, म्हणजे दोरीने वर-खाली होणारे ब्लाइंड, लावणार असशील तर दोरीकडे आधी बघ. लोंबणारी गोल दोरी लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकते. मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत साधा रॉडवरचा पडदाच बरा. दोरी असलीच तर भिंतीवर उंच खुंटी मारून तिला ताणून गुंडाळायची, आणि पाळणा किंवा मुलाचा पलंग खिडकीपासून दूर ठेवायचा. कार्टूनचं कापड हट्टाने मागितलं तर उशीच्या अभ्र्याला घेऊन दे. दोन वर्षांत आवड बदलते, पडदे बदलत नाहीत.

सासूबाई-सासऱ्यांच्या खोलीत तीन गोष्टी बघ: पडदा एका हाताने सरकला पाहिजे, जमिनीवर लोळता कामा नये, आणि दिवसा भरपूर उजेड आत यायला हवा. वयाबरोबर डोळ्यांना उजेड जास्त लागतो. तिथे गडद जाड पडदे लावले तर ते दोघं दिवसाही दिवा लावून पेपर वाचतील.

घरात कोणाला दम्याचा किंवा धुळीचा त्रास असेल तर जाड विणीचे, झालरीचे, गोंड्यांचे पडदे टाळ. तिथे गरम पाण्यात धुता येईल असंच कापड घ्यायचं. साठ अंशांच्या पाण्यात धुतलं की धुळीतले सूक्ष्म किडे मरतात.

दाराचा पडदा

आपल्या मराठी घरांत दाराचा पडदा खिडकीच्या पडद्याहूनही आधी आला. वाड्यांत माजघराला, चाळीत बाहेरच्या खोलीला. एका खोलीत सात माणसं राहायची तेव्हा तारेवर टाकलेली जुनी साडी हीच भिंत होती. मग हौसेने ओवलेले काचेच्या नळ्यांचे आणि मण्यांचे पडदे आले. माणूस आत आला की खळखळ वाजायचे. आता स्वतंत्र खोल्या झाल्या तरी दाराच्या पडद्याचं काम संपलेलं नाही. दार उघडं ठेवून वारा खेळता ठेवायचा आणि पलंगावरचा पसारा झाकायचा, हे काम तोच करतो.

दाराचा पडदा मधून दुभागलेला घे, हातात ताट-वाटी असताना खांद्याने बाजूला करता येतो. वाऱ्याने उडत असेल तर खालच्या दुमडीत, दोन्ही कोपऱ्यांत, छोटी वजनं शिवून टाक. जुन्या पडद्यांत बायका यासाठी बंद झालेली नाणी शिवायच्या.

जुन्या साड्यांचे पडदे

आजीच्या साड्यांचे पडदे करायचं तुझ्या मनात आहे. जरूर कर, पण साडी बघून. सुती ईरकल किंवा हातमागाची सुती साडी खिडकीला उत्तम. ती धुऊन धुऊन आटायची तेवढी आटलेली असते. रेशमी साडी उन्हाच्या खिडकीला लावू नकोस. ऊन रेशमाला खातं, दोन-तीन उन्हाळ्यांत घडीघडीवर विरते. ती आतल्या दाराला लाव, किंवा मागे अस्तर घालून उत्तरेच्या खिडकीला.

माप असं बसतं: साधारण पावणेदोन मीटर लांबीचे तुकडे पाडलेस तर साडेपाच मीटरच्या सहावारीत पदरासकट तीन पन्हे निघतात, म्हणजे एका मध्यम खिडकीचे पडदे. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते, तिच्यात पदर बाजूला ठेवूनही चार पन्हे निघतात. पदराची दारावर झालर कर.

कापडाचा हिशेब स्वतः कर

दुकानदार मीटरमध्ये बोलतो, शिंपी इंचात, आणि आपण फुटांत. या तिघांच्या मध्येच पैसे सांडतात. म्हणून वहीत एकदा हिशेब मांड. तुझ्या हॉलची खिडकी पाच फूट रुंद, चार फूट उंच धरू.

रॉड दोन्ही बाजूंना सहा इंच जास्त, म्हणजे सहा फूट, 72 इंच. पडद्याला छान चुण्या पडायला रॉडच्या दुप्पट कापड लागतं: 144 इंच. कापडाचा पन्हा 48 इंच असेल तर 144 भागिले 48, बरोबर तीन पन्हे. 54 इंची पन्हा असला तरी दोनात भागत नाही, तीनच घ्यावे लागतात. नेटच्या कापडाला अडीचपट धर, फार जाड कापडाला दीडपट चालतं.

आता उंची. खिडकी 48 इंच, रॉड वर सहा इंच, पडदा चौकटीच्या खाली सहा इंच, मिळून 60. वरची आणि खालची दुमड मिळून दहा इंच धर: 70. तीन पन्ह्यांचे 210 इंच, म्हणजे साधारण सव्वापाच मीटर आणि वर थोडं. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं, म्हणून साडेपाच मीटरच्या वर, पावणेसहा मीटर घे. मोठ्या फुलांची नक्षी असेल तर दुकानातच टेप लावून नक्षी किती इंचांनी पुन्हा येते ते मोज. 24 इंचांनी येत असेल तर प्रत्येक तुकडा 70 ऐवजी 72 चा कापावा लागेल, नाहीतर एका पन्ह्यातलं फूल दुसऱ्या पन्ह्यात देठावर येतं. मोठ्या नक्षीला कापड जास्त जातं, ते असं.

तीन पन्ह्यांचे दोन पडदे म्हणजे एकेका पडद्याला दीड पन्हा. मधला पन्हा उभा कापून अर्धा-अर्धा जोडायचा. हा अर्धा तुकडा भिंतीकडच्या बाजूला येईल असं शिंप्याला बजावून सांग. न सांगता दिलंस तर तो मध्ये येतो आणि पडदे मिटल्यावर जोड नेमका डोळ्यासमोर.

शिवायला टाकण्याआधी सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून दे. खादीसारखं सैल विणीचं कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, म्हणून खालची दुमड आधी कच्ची घालून घे, पडदा चार-आठ दिवस टांगून ठेव आणि मग पक्की टीप मार. दोरा पॉलिस्टरचा वापरायला सांग. सुती दोरा उन्हाने कुजला की कापड धड राहतं आणि शिवण उसवते.

तयार पडदे घेणार असशील तर ते बहुधा चार फूट रुंद आणि पाच, सात किंवा नऊ फूट लांब मिळतात. पाच फुटी खिडकीचा, सात फुटी दाराचा, नऊ फुटी बाल्कनीच्या उंच दाराचा. तुझ्या सहा फुटी रॉडला चार फुटी तीन पडदे लागतील. दोनात चुण्या पडत नाहीत, पडदा चादरीसारखा सपाट बसतो.

रॉड आणि रिंगा

रॉड खिडकीच्या चौकटीवर लावायचा नाही. चौकटीच्या वर चार-सहा इंच. उघडलेला पडदा भिंतीवर गोळा झाला पाहिजे, काचेवर नाही. पाच फुटांहून लांब रॉडला मध्ये आधार हवाच, नाहीतर वर्षभरात तो झोळीसारखा वाकतो. ब्रॅकेट खिडकीवरच्या काँक्रीटच्या लिंटेलमध्ये ड्रिल करून बसवायला सांग. नुसत्या प्लास्टरमध्ये बसवलेला ब्रॅकेट मुलांच्या पहिल्या ओढीला हातात येतो. जुन्या घरातली नेफ्यातली स्प्रिंगची तार आता फक्त स्वयंपाकघरातल्या अर्ध्या पडद्याला चालते.

गोल रिंगांचा, म्हणजे आयलेटचा पडदा असेल तर रिंगा सम संख्येत असल्या पाहिजेत. आठ, दहा, बारा. तरच दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. लावताना शेवटची रिंग ब्रॅकेटच्या बाहेर ठेवायची, म्हणजे पडदा ओढला तरी ती कड जागची हलत नाही.

गाव बदललं की पडदा बदलतो

पुण्याचे नियम सगळीकडे चालत नाहीत. चिपळूणला तुझ्या सासरच्या घरी जाड अस्तराचे पडदे पाठवू नकोस. तिथे चार महिने भिंतीसुद्धा वाळत नाहीत, जाड कापडाला कुबट वास येतो आणि काळे ठिपके पडतात. कोकणात आणि गोव्यात पातळ, लवकर वाळणारं कापड हवं. मुंबईतही पावसाळ्यात पश्चिमेचं वारं पावसाची झड घेऊन आत येतं. तिथे पडदा खिडकीच्या चौकटीखाली फार उतरवू नये.

नागपुरात मी संसाराची पहिली वर्षं काढली. तिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. सासूबाई खिडकीबाहेर वाळ्याच्या ताट्या बांधायच्या आणि दुपारभर त्यावर पाणी शिंपडायच्या. कोरडी गरम हवा ओल्या वाळ्यातून आत येताना पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं, आणि खोलीत गार सुवासिक वारा येतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय नामी. मुंबईला तो करायला जाऊ नये; हवेतच आधी ओल असते, पाणी उडत नाही आणि नुसता घाम येतो.

धुणं, आणि मग रंग

पडदे वर्षातून दोनदा तरी धुवायचे. एकदा मे महिन्याच्या कडक उन्हात, पाऊस यायच्या आधी, आणि दुसऱ्यांदा दिवाळीच्या साफसफाईत. मेमध्ये धुतलेले जाड पडदे बांधून कपाटात ठेव आणि पावसाळाभर पातळ लाव. धुतलेला पडदा पिळून काढू नकोस. पाणी निथळू दे आणि ओलसर असतानाच पुन्हा रॉडवर चढव. स्वतःच्या वजनाने सुरकुत्या उतरतात आणि इस्त्रीचे पैसे वाचतात. ग्रिलच्या गंजाचा डाग पांढऱ्या सुती पडद्यावर पडला तर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवायचं, मग धुवायचं. रंगीत कापडावर हा प्रयोग आधी कोपऱ्यात करून बघ.

आता रंग. दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवू नकोस. वीतभर तुकडा मागून आण, घरी खिडकीवर टाचणीने लाव, सकाळी बघ, दुपारी बघ, ट्यूबलाइटमध्ये बघ. ओला पांढरा रुमाल त्यावर जोराने घास. रुमालाला रंग लागला तर तो धुण्यात बाकीच्या कपड्यांनाही लागणार. तुकडा अर्धा पुठ्ठ्याने झाकून महिनाभर उन्हाच्या काचेवर चिकटवून ठेवलास तर रंग किती उडतो तेही कळतं. उन्हाच्या खिडकीला गडद निळा किंवा लाल घ्यायचाच असेल तर मागे अस्तर घाल. लहान खोलीत भिंतीच्या रंगाला जवळचा पडदा घेतला की खोली मोठी वाटते.

आणि शेवटचं सांगणं पैशाचं. सगळ्या घराचे पडदे एका दिवशी, एका दुकानातून घेऊ नकोस. पहिल्या महिन्यात फक्त बेडरूम आणि पश्चिमेची खिडकी कर, कारण झोप आणि ऊन थांबत नाहीत. बाकी ठिकाणी जुन्या चादरी लाव, लाज बाळगू नकोस. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या घरात काढ, आणि दिवाळीच्या आधी हॉलचे पडदे शिवायला टाक. तोवर कुठल्या खिडकीला काय हवंय हे तुला पडदेवाल्यापेक्षा जास्त कळलेलं असेल.